पोस्टरवर नसलेला गुन्हा

[पडद्यावर: एफबीआयचं जुनं पोस्टर. कॅमेरा फोटोवरून हळूहळू मजकुराकडे.]

जून 1999. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या दहा 'मोस्ट वाँटेड' फरारींच्या यादीत एक नाव घातलं. ओसामा बिन लादेन. पोस्टरवर फोटो होता, उंची होती, टोपणनावं होती. माणूस डावखुरा आहे, काठी घेऊन चालतो, हेही लिहिलेलं होतं. आणि तीन आरोप. अमेरिकी नागरिकांची परदेशात हत्या, त्या हत्येचा कट, आणि सरकारी वास्तूवर प्राणघातक हल्ला.

खालच्या मजकुरात तारीख होती 7 ऑगस्ट 1998. त्या दिवशी केनियातल्या नैरोबीत आणि टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये अमेरिकी वकिलातींवर बॉम्बस्फोट झाले. 'जगभरातल्या इतर दहशतवादी हल्ल्यांमध्येही संशयित', असं एक वाक्य पुढे जोडलेलं होतं.

मग 11 सप्टेंबर 2001 उजाडला. जवळपास 3 हजार माणसं गेली. बिन लादेनच्या डोक्यावरचं बक्षीस 50 लाख डॉलरवरून अडीच कोटींवर गेलं. पोस्टरवरचे आरोप मात्र तेच राहिले. 2001 मध्ये तेच, 2006 मध्ये तेच, 2011 मध्येही तेच.

लोकांनी विचारलं, असं का? प्रश्न अगदी रास्त होता. पण त्यातूनच 'म्हणजे पुरावाच नाही', आणि पुढे 'म्हणजे हल्ला त्याने केलाच नाही', इथपर्यंत मजल गेली. ती गल्लत आज आपण सोडवून पाहू.

[पडद्यावर: न्यूयॉर्क, मॅनहॅटनमधलं फेडरल न्यायालय.]

एखाद्याच्या पापाचा घडा किती भरला, ते पोस्टर सांगत नाही. त्याच्या नावावर कोणत्या कोर्टात काय दाखल आहे, तेवढंच ते सांगतं. बिन लादेनवर मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात 4 नोव्हेंबर 1998 रोजी आरोपपत्र दाखल झालं. स्फोटांना तीन महिनेही झाले नव्हते. इतक्या लवकर ते कसं जमलं?

त्यासाठी नैरोबीत जावं लागेल. बॉम्बचा ट्रक घेऊन आलेल्या दोघांपैकी एकजण शेवटच्या क्षणी उतरून पळाला आणि जखमी अवस्थेत रुग्णालयात पोहोचला. काही दिवसांतच तो पकडला गेला आणि एफबीआयपुढे बोलला. एका उपग्रह फोनच्या नोंदी तपासयंत्रणेच्या हाती होत्या. बिन लादेनच्या अल कायदा या संघटनेतून फुटून आलेला एक जुना सदस्य साक्ष द्यायला तयार होता. आणि अमेरिकनांना जिथे सापडतील तिथे मारा, असं सांगणारा फेब्रुवारी 1998 चा फतवा खुद्द बिन लादेनच्या सहीचा होता. यातली प्रत्येक गोष्ट न्यायाधीशापुढे ठेवता येण्याजोगी होती. बचाव पक्षाच्या वकिलाला उलटतपासणी करू देता येण्याजोगी होती.

आणि 2001 मध्ये ती खरोखर ठेवली गेली. चार आरोपींवर खटला चालला, मे महिन्यात ज्युरीने चौघांनाही दोषी ठरवलं. जन्मठेपेची शिक्षा सुनावली तो दिवस होता 18 ऑक्टोबर 2001. न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर वर्ल्ड ट्रेड सेंटरचा ढिगारा तेव्हा अजून धुमसत होता.

[क्षणभर शांतता.]

त्या आरोपपत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन्ही स्फोटांत मिळून 224 माणसं मारली गेली. त्यांपैकी अमेरिकी होते 12. बाकीचे बहुतेक केनियाचे. रस्त्याने जाणारे, बसमध्ये बसलेले, शेजारच्या इमारतीत काम करणारे. 'अमेरिकी नागरिकांची हत्या' या कलमात ही माणसं बसतच नाहीत. मग न्यूयॉर्कच्या कोर्टात त्यांच्या मृत्यूचा जाब कोण विचारणार? इथे तिसरं कलम कामी आलं. सरकारी वास्तूवरच्या हल्ल्यात कुणाचाही जीव गेला तरी ते लागतं, मरणाऱ्याचं नागरिकत्व पाहिलं जात नाही. म्हणून मृत माणूस तितके आरोप, असं आरोपपत्र उभं राहिलं. कोरडं वाटणारं ते एक कलम नसतं, तर दोनशेहून जास्त माणसं आरोपपत्राबाहेर राहिली असती.

आता 2001 च्या हल्ल्याकडे येऊ. त्याचे आरोप का जोडले नाहीत?

पहिलं कारण साधं आहे. माणसाला पकडायला एक वॉरंट पुरतं, आणि ते आधीच निघालेलं होतं. तो हाती लागला असता तर पुरवणी आरोपपत्र दाखल करता आलं असतं. घाईने आरोप ठेवायचे, तर पुरावा ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, ठेवायला हवा. उद्या आरोपी पकडला गेलाच, तर तोच पुरावा त्याच्या वकिलाच्याही हाती द्यावा लागतो. मग कुणाचा फोन ऐकला, कुणी आतून खबर दिली, हे बाहेर येण्याची भीती. खबऱ्याच्या जिवाशी गाठ असते.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. 2001 नंतर अमेरिकेने या प्रकरणात पोलिसी तपासाची वाट सोडून युद्धाची वाट धरली. हल्ल्याचा मुख्य सूत्रधार खालिद शेख मोहम्मद 2003 मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. त्याला गुप्त तुरुंगात ठेवून एकाच महिन्यात 183 वेळा पाण्याने गुदमरवलं गेलं. अशा छळातून आलेला जबाब कोणत्या कोर्टात टिकणार? दोन दशकं उलटली तरी ग्वांटानामोतल्या अमेरिकी लष्करी तळावर त्याच्यावरचा खटला प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोहोचू शकला नव्हता. तीन हजार कुटुंबं निकालाची वाट पाहत राहिली. नैरोबीचा निकाल तीन वर्षांच्या आत लागला होता. हा फरक मला विसरता येत नाही.

[पडद्यावर: लिस्बन शहर, नंतर मुंबई.]

फरारी दुसऱ्या देशात सापडला की आणखी एक कुलूप लागतं. ते भारताने अबू सालेमच्या प्रकरणात अनुभवलं. 1993 च्या मुंबई स्फोटांत 257 माणसं मारली गेली. त्या स्फोटांतला आरोपी सालेम 2002 मध्ये पोर्तुगालमध्ये पकडला गेला, 2005 मध्ये भारतात आणला गेला. त्याआधी भारत सरकारने लेखी हमी दिली होती, की फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही. शिवाय प्रत्यार्पणाचा नियमच असा, की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांचाच खटला चालवायचा. इथे काही जादा कलमं लागली. 2011 मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने शर्तभंग झाल्याचं सांगत प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द केली. अखेर 2013 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कलमं मागे घेण्याची मुभा सीबीआयला दिली. 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली, पण ती किती वर्षांची, हे त्या हमीने बांधून ठेवलेलं आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना हे समजावून सांगणं सोपं नाही. पण ती हमी दिली नसती, तर तो कदाचित मुंबईच्या कोर्टात उभाच राहिला नसता.

तहव्वुर राणाचं प्रकरण याच्या उलट बाजूने पाहण्यासारखं आहे. 2011 मध्ये शिकागोच्या ज्युरीने त्याला लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या कटातून सोडलं. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा बचाव त्याने वर्षानुवर्षं लढवला. भारतातल्या आरोपांचे घटक वेगळे आहेत, असं अमेरिकी न्यायालयांनी मानलं, म्हणून एप्रिल 2025 मध्ये त्याला दिल्लीत आणता आलं. कलम कोणतं लावायचं, या निवडीवर इतकं काही अवलंबून असतं.

[पडद्यावर: पुन्हा पहिलं पोस्टर.]

2 मे 2011. पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये बिन लादेन मारला गेला. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्यामुळे 17 जून रोजी, मॅनहॅटनच्या त्याच न्यायालयात, न्यायाधीशांनी त्याच्यावरचे सगळे आरोप रद्द करण्याच्या आदेशावर सही केली. नैरोबी आणि दार-एस-सलामच्या 224 जणांच्या हत्येचे आरोपही त्यातच मिटले.

पोस्टरवरच्या फोटोखाली 'मृत' अशी लाल पट्टी आली. तीन आरोपांच्या त्या ओळी तशाच होत्या.