चार अब्जांची संख्या आणि पाच भागाकार

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक संख्या लिहून घ्या: ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ती येते.

सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा अंदाज होता, की २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत नेला आणि प्रत्येक वेळी १ मिळवला, की मूळ संख्याच मिळते. त्याप्रमाणे ही मूळ संख्या असायला हवी होती. याच मालिकेतल्या आधीच्या पाच संख्या, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, खरोखरच मूळ आहेत. पण १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं, की हिला ६४१ ने निःशेष भाग जातो.

सरळ वाटेने गेलो तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या भरतात ६५४२! ऑयलरने आधी मूळ अवयव कसा असेल ते ठरवलं. त्या अवयवाने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो, म्हणून ६४ व्याची १, आणि त्याआधी १ कधीच येत नाही. फर्माचंच प्रमेय सांगतं, की अवयवापेक्षा एकने लहान असलेल्या घातालाही बाकी १ च येते. म्हणून अवयवातून १ वजा केला, की उरलेल्याला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार लागू पडतो.

भागाकार न करताही पडताळा होतो, आणि तो मला फार देखणा वाटतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. म्हणून ६४१ ने भागताना ५ गुणिले २ चा ७ वा घात उणे १ धरा. याचा चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात बरोबर १. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ लिहा. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून २ चा ३२ वा घात उणे १ ठरतो. त्यात १ मिळवा, बाकी शून्य.

दुसरा अवयव ६७००४१७. तो मूळ आहे का? पुढे लुकास या गणितज्ञाने ६४ ची अट १२८ पर्यंत कडक केली, त्यामुळे ६७००४१७ च्या वर्गमूळापर्यंत २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्यांनीच भागून बघायचं. बाक्या येतात १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळच.

संगणकावर करून बघणार असाल तर जपून. ३२ बिटांच्या पूर्णांकात २ चा ३२ वा घात मावत नाही, त्याचा शून्य होतो आणि तुमची संख्या नुसती १ उरते. ६४ बिट घ्या. फर्माची कसोटी, म्हणजे संख्येपेक्षा एकने लहान घाताची बाकी १ येते का ते बघणं, लावताना पाया (ज्याचा घात घ्यायचा ती संख्या) २ ठेवू नका, कारण त्या पायावर ही संयुक्त संख्याही मूळ असल्यासारखी पार होते. पाया ३ घेऊन ३२ वेळा वर्ग करा, शेवटी बाकी १ येत नाही. मात्र वर्ग करताना मधला गुणाकार १२८ बिटांत ठेवा.