बारक्या पोटाचा माणूस आणि बोटीवरचं ताट

(अंबाजोगाईत ज्येष्ठ मंडळींच्या महिन्याच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागं ऐकू यायलंय का? हां, मागच्या ताई मान हलवायल्यात, म्हणजे यायलंय. मला अर्धा तास दिलाय आणि फळ्यावर विषय लिहिलाय, कमी खाणाऱ्यानं क्रूझवर कसं जेवावं. तो मीच दिलाय. कारण बोटीवरनं आल्यापासनं जो भेटतो तो एकच विचारतो, तिथं चोवीस तास खायला असतं म्हणे, काय काय खाल्लं? समुद्र कसा होता, रात्री वरच्या मजल्यावरनं काय दिसतं, हे कुणी विचारलं नाही. मग म्हणलं आधी जेवणाचंच बोलून टाकावं, पण नीट बोलावं.

माझं पोट बारकं आहे. जन्मापासनं. आजार नाही, उपास नाही, डाएट तर नाहीच नाही. अर्धी भाकरी, उलसं वरण, शेंगदाण्याची चटणी, झालं माझं जेवण. तब्येत ठणठणीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांमागं पळून नोकरी पूर्ण केली. इथं माझ्यासारखे किती आहेत, हात वर करा बरं. एक, दोन, चार, सहा. त्या काकांचा हात काकूंनी खाली ओढला, म्हणजे पाच धरू. बघा, वर्षानुवर्षं एकाच सतरंजीवर बसायलोत आपण आणि एकमेकांबद्दल हे माहीत नव्हतं, कारण कमी खाणारा माणूस आपल्याकडं लपून राहतो. पंगतीत पत्रावळीवर आडवा हात धरतो, वाढपी हाताच्या फटीतनं जिलबी टाकून जातो.

आमच्या घरी दोन नियम होते, तुमच्याही असतील. पहिला, आलेल्याला आग्रह करून वाढायचं. दुसरा, ताटात टाकायचं नाही. दोन्ही चांगलेच, मी एकालाही नावं ठेवत नाही. पण बारक्या पोटाचा माणूस या दोन्हींच्या मधे सापडला की त्याचं काय होतं, याचा विचार कुणी केलेला नाही. वाढणारा थांबत नाही आणि टाकायची सोय नाही, मग ते जातं कुठं? पोटात, जिथं जागा नाही तिथं.

दुसरा नियम माझ्यात किती खोल गेलाय ते सांगते. १९७२ ला मी आठ वर्षांची. आई-बाप दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर मिलो यायची, लाल ज्वारी. आई ती पहाटे जात्यावर दळायची, तिची भाकरी थापताना कडा तुटायच्या, आणि ती तुटलेली कड कुणाला मिळणार यावरनं आम्हा भावंडांत भांडण व्हायचं. इथं बसलेल्या पुष्कळांनी ती भाकरी खाल्लीय, मी जास्त सांगायची गरज नाही. तेव्हापासनं ताटात शीत राहिलं की मला झोप येत नाही.

आणि पहिला नियम सासरी शिकले. सासर लातूरकडचं, म्हणजे येळवस आलीच. लग्नानंतरची पहिली येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव, आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून जेवायला बसवतात, असा सण दुसरीकडं कुठं पाहिला नाही मी. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला वाढलं. खाल्लं. परत वाढलं. तेही खाल्लं. तिसऱ्यांदा उंडा घेऊन आल्या तेव्हा मी म्हणलं, आत्याबाई, आता नको. त्या काही बोलल्या नाहीत, निस्त्या बघत राहिल्या, आणि संध्याकाळी बैलगाडीत जावेला म्हणल्या की नव्या सुनेला आपल्या घरचं जेवण गोड लागंना गेलं. माय, मला ते जेवण इतकं आवडलं होतं! त्या भज्जीसाठी मी पुढं वर्षभर अमावस्या मोजायची. पण त्यांना ते कळावं असा एकच मार्ग होता, अजून खाणं, आणि तो माझ्याकडं नव्हता. पुढं चौतीस वर्षं त्यांच्यासोबत काढली, माझ्यावर जीव होता त्यांचा, पण शेवटपर्यंत मला बघून कुणालाही सांगायच्या की हिला आमचं आवडत नाही. हे माझ्या मनात अजून टोचतंय, म्हणून एवढं लांबवलं. माफ करा. बोटीकडं येते.

लेक आणि जावईबापू म्हणले, आई रिटायर झालीस, चल. सिंगापूरवरनं निघायचं, मलेशियात पिनांग, थायलंडमधी फुकेत, चार रात्रींनी परत सिंगापूर. आम्ही लातूरवरनं हैदराबादला गेलो, तिथनं विमान. सोबत मी धपाटे केले होते, पण घरी केलेलं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातलं काही चालतं. मग हैदराबादच्या विमानतळावरच सगळे संपवले, शेजारी एक नांदेडचं कुटुंब बसलं होतं त्यांनाही दिले, आणि हो, त्यांना मी आग्रह केला नाही.

पहिली रात्र. मोठी डायनिंग रूम, पांढरे टेबलक्लॉथ, टेबलाला नंबर, रोज तोच वेटर. आमचा वेटर इंडोनेशियाचा, आपल्या इथं कॉलेजला जाणाऱ्या पोराएवढा, हसतमुख. कार्डावर स्टार्टर, सूप, मेन कोर्स, गोड. लेकीनं माझ्यासाठी सगळ्यातलं एकेक सांगितलं, तिला वाटलं आईला सगळं बघायला मिळावं. सूप आलं, स्टार्टर आला, मी दोन्ही संपवलं, आणि खरं तर माझं जेवण तिथंच झालं होतं. मग मेन आला. भात, दोन भाज्या, डाळ, रोट्या, माझ्या दीड दिवसाचं जेवण एका प्लेटीत. मी चार घास घेतले आणि थांबले. तो पोरगा आला, प्लेटीकडं बघितलं, इंग्रजीत काहीतरी विचारलं. लेक म्हणली, चांगलं नाही का असं विचारायलाय. मी मान हलवली, चांगलं आहे, चांगलं आहे. तो गेला, परत आला, परत तेच. त्याची भाषा मला कळत नव्हती पण चेहरा कळला. तो चेहरा माझ्या आत्याबाईंचा होता, हातात उंडा घेऊन उभ्या असलेल्या.

मग हेड वेटर आले. प्लेट उचलली, दुसरी आणली, पनीर, पुलाव, म्हणले हे बघा आवडतंय का. आता सांगा, काय करायचं? मी खाल्लं. त्या पोराला बोल लागू नये म्हणून खाल्लं आणि टाकायचं नाही म्हणून संपवलं. वरनं गोड. रात्री दोनपर्यंत केबिनमधी बिछान्यावर बसून होते, आडवं होता येईना. समुद्र शांत होता, बोट जराही हालत नव्हती, तरी लेकीला वाटलं बोट लागली. म्हणलं बाई, बोट नाही लागली, जेवण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर बुफेला गेलो. तिथं वेगळंच. ताटं ही एवढी, लांबट, आणि इडलीपासनं नूडल्सपर्यंत सगळं समोर. आपल्याच देशातला एक मोठा ग्रुप होता, माणसं प्रेमळ, मला जागा करून दिली. माझ्या ताटात एक इडली आणि पपईच्या दोन फोडी बघून एक भाऊ म्हणले, ताई, पैसे भरलेत, वसूल करा की. ते मनापासनं म्हणले. पण ते सगळे उठले तेव्हा टेबलावर जे राहिलं ते मी बघितलं. अख्खे पराठे, हात न लावलेला केक, एका ताटात सहा-सात उकडलेली अंडी. मला तिथं बसवेना, खरंच सांगते, डोळ्यांपुढं आईचा पदर आला.

घरी आल्यावर हे अन्न जातं कुठं ते शोधून वाचलं. बोटींच्या कचऱ्यासाठी मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं पाचवं परिशिष्ट १९८८ च्या शेवटी लागू झालं आणि २०१३ पासनं आणखी कडक झालं. उरलेलं अन्न २५ मिलीमीटरच्या जाळीतनं जाईल इतकं बारीक दळलं तर जवळच्या किनाऱ्यापासनं ३ सागरी मैलांपलीकडं समुद्रात सोडता येतं, न दळता सोडायचं तर १२ मैल लांब जावं लागतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. काही जपलेल्या समुद्रांत १२ मैलांपलीकडं जाऊन सुद्धा दळूनच. समुद्राच्या दृष्टीनं नियम बरोबरच आहे. पण मंडळी, माझी आई मिलो दळत होती ती आम्ही खावी म्हणून. समुद्रात टाकायला अन्न दळतात हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन बसले.

तर बोटीवर दुसऱ्या रात्री मी लेकीला म्हणलं, त्या पोराला सगळं खरं सांग. आई आजारी नाही, रागावलेली नाही, जेवण छान आहे, पोट बारकं आहे. तिनं सांगितलं. पोराच्या तोंडावर असा उजेड आला म्हणता! तो म्हणला, भरलेली प्लेट परत नेली की किचनमधी त्यालाच विचारतात काय झालं, आणि प्रवास संपताना प्रवाशांकडनं फॉर्म भरून घेतात त्याचीही त्याला काळजी होती. मग त्यानं कार्डावर बोट ठेवून दाखवलं, हे स्टार्टर आहेत ना, यातलाच एक मेन म्हणून आणतो, सगळ्यांचे मेन येतील तेव्हाच आणतो, म्हणजे तुम्ही एकट्या रिकाम्या बसणार नाही. एवढं साधं! चौतीस वर्षं मला हे आत्याबाईंना सांगता आलं नाही आणि त्यांनाही विचारता आलं नाही, आणि या परक्या पोरानं पाच मिनिटांत सोडवलं.

तिसऱ्या रात्री मी दीड तास टेबलावर बसले. एक कप सूप, एक छोटी प्लेट, लेकीच्या गोडातला एक चमचा. खिडकीबाहेर मलाक्काची सामुद्रधुनी, दिवस मावळायला आणि लांबवर मालवाहू जहाजांचे दिवे एकामागं एक लागत गेलेले, दिंडी चालल्यासारखे. जावईबापूंनी त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी ऐकल्या नव्हत्या. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, वाढत नव्हतं, विचारत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत बसून माझ्या भुकेपुरतं जेवले आणि ताट स्वच्छ होतं. ते भाऊ पैसे वसूल म्हणले ना, माझे तिथं झाले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे देवा, आणि कसं जेवावं ते तर राहिलंच. पळते आता, लिहून घ्या पाहिजे तर.

तिकिटात मोठी डायनिंग रूम आणि बुफे धरलेलं असतं, खा नाहीतर राहू द्या, पैसे तेवढेच. म्हणून त्याचा हिशोब तिकीट काढताना एकदा करायचा आणि बोटीत पाय ठेवला की सोडून द्यायचा. जास्तीचे पैसे लागतात ती स्पेशालिटी रेस्टॉरंटं, तिथं माणशी ठरलेली रक्कम असेल तर आपल्याला परवडत नाही, पदार्थागणिक दर असेल तर दोघांत एक घेता येतं. ड्रिंक पॅकेजचं तसंच, आणि काही कंपन्यांत एका केबिनमधल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, आधी विचारा. रात्रीच्या जेवणाची वेळ घेताना लवकरची घ्या, सहाच्या आसपासची, उशिरा जेवून झोपायचं आपल्यासारख्यांना जड जातं, जैन मंडळींनाही तीच सोयीची. डायनिंग रूममधी स्टार्टरच मेन म्हणून मागता येतो, दोन स्टार्टर मागता येतात, अर्धी प्लेट सांगता येते, गोड नको म्हणता येतं, आणि हे ऑर्डर देतानाच सांगायचं, प्लेट समोर आल्यावर नाही. बुफेत मोठं ताट घेऊ नका, गोडाची बारकी प्लेट किंवा वाटी असते ती घ्या, आधी एक चक्कर रिकाम्या हातानं मारा, मग एक चमचा, लागलं तर परत उठा, कुणी मोजत नाही. आत जाताना हात साबणानं धुवा, बोटीवर नोरोव्हायरस म्हणून उलट्या-जुलाबाचा आजार पसरतो, त्याला निस्तं सॅनिटायझर पुरत नाही. बोट हालायली तर पोट एकदम रिकामं ठेवू नका, आपण कमी खाणारे तिथं चुकतो, कोरडं बिस्कीट, आलं, हिरवं सफरचंद जवळ असू द्या. पण ते सफरचंद पर्समधी टाकून बंदरावर उतरू नका, बऱ्याच देशांत फळं न्यायला बंदी आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधी तर फार कडक.

आणि शेवटचं, तो फॉर्म भरा. वेटरचं नाव लिहा, त्या पोरांना त्याचा उपयोग होतो. मी माझा मराठीत लिहिला होता, की या पोरानं मला रोज अर्धंच जेवण दिलं आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. लेकीनं वाचला आणि कपाळाला हात लावला, म्हणली आई, याचं इंग्रजी जसंच्या तसं केलं तर कंपनी त्याला घरी पाठवेल. मग आम्ही दोघी केबिनमधी बसलो, रात्री अकरा वाजता, आणि ते वाक्य चार वेळा फिरवून लिहिलं.

बरं, घंटी झाली. बाहेर चहा आहे, मी सांगून ठेवलंय, अर्धा कपसुद्धा मिळतो.