शार्क दिसण्याआधीची मिनिटं

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'थरारपटातला ताण आणि संकलनाची तंत्रं'. तंत्रांकडे मी येणारच आहे. पण समोर एवढी सिनेमावेडी मंडळी बसलेली असताना एक तक्रार आधी मांडल्याशिवाय मला राहवणार नाही.

आपल्याकडची चित्रपट परीक्षणं काढून बघा. कथेला चार परिच्छेद, अभिनयाला तीन, आणि शेवटी उरल्या जागेत 'संकलन वेगवान आहे'. वेगवान म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? एका लघुपट स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका विद्यार्थिनीची फिल्म होती. रात्री इमारतीत एकटी बाई लिफ्टची वाट बघतेय आणि मजल्याचा आकडा खाली खाली येतोय. त्या मुलीनं तो शॉट कापलाच नाही. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. माझे सहपरीक्षक म्हणाले, एडिटिंग स्लो आहे. बक्षीस गेलं दुसऱ्या फिल्मला. तिच्यात डोळ्याचं पातं लवायच्या आत कट पडत होता, म्हणजे एक शॉट तोडून दुसरा येत होता, आणि भीती मात्र कुठेच वाटत नव्हती. चहा येईपर्यंत मी वाद घातला, आजही घालेन. तुमच्यापैकी कितीजणांनी असे सिनेमे पाहिलेत? बघा, अर्धं सभागृह हात वर करतंय!

माझं म्हणणं एवढंच आहे की ताण कटांच्या संख्येतून येत नाही. प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत नाही, आणि त्या दोघांना किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे एडिटर ठरवतो. ताण तिथे तयार होतो.

१९७५ चा 'जॉज' घ्या, किनाऱ्यावर माणसं मारणाऱ्या शार्कचा सिनेमा. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, चित्रीकरण लांबत गेलं, हा किस्सा तुम्हाला ठाऊक आहे. मग शार्क न दाखवताच भीती उभी केली, त्याचं श्रेय सगळे दिग्दर्शक स्पीलबर्गच्या हुशारीला देतात, आणि ती होतीच. पण जे हाती आलं त्यातून सिनेमा उभा करणारी बाई होती एडिटर व्हर्ना फील्ड्स. संकलनाचं ऑस्कर तिला मिळालं. स्पीलबर्गला दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नव्हतं! बुडालेल्या होडीतून मुंडकं बाहेर येतं तो दचकवणारा शॉट तर नंतर तिच्याच घरच्या पोहण्याच्या तलावात घेतला, पाणी गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर टाकून.

आता किनाऱ्यावरचा प्रसंग आठवा. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसलाय. पाण्यात धोका आहे हे त्याला माहीत आहे, आपल्यालाही. पोहायला आलेल्यांना नाही. त्याच्यासमोरून माणसं जातात, कुणाचा पोहण्याचा पोशाख क्षणभर पडदा व्यापतो, आणि तो बाजूला होतो तेव्हा आपण ब्रॉडीच्या आणखी जवळ आलेलो असतो. कट त्या जाणाऱ्या माणसाच्या आडून पडलाय. आपल्याला कट दिसत नाही, फक्त जागा आवळत चालल्यासारखी वाटते. मग पाण्यात काहीतरी काळं सरकतं. ती निघते एका म्हाताऱ्याची टोपी. एक मुलगी किंचाळते, तर तिच्या मित्रानं तिला पाण्यातून उचललेलं असतं. दोन्ही वेळा शार्क येताना वाजणारं ते प्रसिद्ध संगीत वाजत नाही, कारण तिथे शार्क नाही. मध्येच एकजण येऊन ब्रॉडीशी बोलत बसतो आणि त्याच्या खांद्याआडून ब्रॉडीची नजर पाण्याकडेच. त्या माणसाला कुणीतरी बाजूला करा असं आपल्याला वाटतं की नाही? आणि मग तो कुत्रा. मालक त्याला हाका मारतोय, आणि पाण्यावर फक्त काठी तरंगतेय. कुत्र्याचं काय झालं ते दाखवलेलं नाही. काठीचा तो एक शॉट बघितल्यावर पुढचं सगळं आपण मनात बघतो. त्यानंतर पाण्याखालून दिसणारे पाय, आणि आता संगीत. इथवर शार्क धड दिसलेलाच नाही.

...अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहाच मिनिटं? बरं, मग तंत्रं भराभर सांगतो.

एक, समांतर संकलन, म्हणजे एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आलटूनपालटून दाखवणं. दिग्दर्शक हिचकॉकच्या १९३६ च्या 'सॅबोटाज'मध्ये एक पोरगा नकळत बॉम्ब घेऊन बसमध्ये बसलाय. पोरगा, पुडकं, रस्त्यावरची घड्याळं, पुन्हा पोरगा. बॉम्ब फुटतो आणि पोरगा मरतो. ती चूक झाली, असं हिचकॉक पुढे मान्य करत असे. एवढा ताणलेला प्रेक्षक सुटकेची वाट बघत असतो, तेव्हा त्याचा विश्वास मोडायचा नसतो.

दोन, समांतर संकलनाची फसवणूक. १९९१ च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये पोलीस एका घराची बेल वाजवतात आणि खुन्याच्या घरात घंटा वाजते. आपण दोन्ही घरं एकच धरून चालतो. दार उघडतं आणि समोर एकटी क्लॅरिस, सिनेमाची नायिका, खुन्याचा माग काढणारी; पोलीस भलत्याच घरी! क्रेग मॅके या एडिटरनं यात खोटं काहीच दाखवलेलं नाही. दोन शॉट शेजारी ठेवले की त्यांच्यातलं नातं आपणच जोडतो, त्या सवयीचा त्यानं उपयोग केला.

तीन, शॉटची लांबी. यावर वेगळं व्याख्यान लागेल. पण रेणू सलुजा हे नाव घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली ही एडिटर, १९८९ च्या 'परिंदा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी. तो सिनेमा पुन्हा बघा आणि हिंसा सुरू व्हायच्या आधी ती चेहऱ्यांवर किती वेळ थांबते ते बघा.

आणि घरी गेल्यावर 'जॉज'चा तो किनाऱ्यावरचा प्रसंग आवाज बंद करून लावा. कट कितीदा ब्रॉडीच्या चेहऱ्यावर परततो ते मोजा. वही घेऊन बसा, मी दर वर्षी विद्यार्थ्यांना हेच करायला लावतो. प्रश्न असतील तर मी बाहेर चहापाशी आहे, परीक्षण लिहिणाऱ्यांनी तर जरूर भेटावं.