कुंडीतली तुती

फेब्रुवारीची सकाळ. नागपूरच्या प्रतापनगरात, एका दुमजली घराच्या गच्चीवर अर्धा कापलेला निळा ड्रम. त्यात जेमतेम खांद्याएवढं झाड. पानं बाजूला सारा. एकाच फांदीवर हिरव्या, लाल आणि काळ्याभोर तुती.

आठ वर्षांचा नातू हात घालतो. आजी अडवतात, "ओढू नको रे बाप्पा! हात लावल्याबरोबर सुटली, तरच घे."

लाल तुती देठ सोडत नाही. काळीला बोट लागतं न लागतं, तोच ती तळहातावर येते. तळहात जांभळा.

इतकं नाजूक फळ बाजारात टिकणार कसं? आपली संत्री ट्रकमध्ये बसून थेट दिल्ली गाठतात. पिकलेली तुती मात्र बर्डीवरून, म्हणजे इथल्या सीताबर्डीच्या बाजारातून, घरी आणेपर्यंत पाणी सोडते. म्हणून मला मनापासून वाटतं, ज्याला तुती खायची आहे त्याने ती घरीच लावावी.

तसं पाहिलं तर तुती आपल्याकडे नवी नाही. राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण रेशीम शेतकरी तुती लावतो ती रेशमाच्या अळ्यांना खायला लागणाऱ्या पाल्यासाठी. व्ही-1 सारखे वाणही पाल्यासाठीच निवडलेले. तरी त्या शेतातली एक गोष्ट गच्चीवर फार कामाची आहे, ती म्हणजे छाटणी. मोकळी सोडली तर तुती 30 फुटांवर जाते. कापली की जोमाने फुटते, आणि फळ धरतं ते नव्या फुटीवरच.

आजींनी डिसेंबरच्या शेवटी सगळ्या फांद्या निम्म्या केल्या. उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढली. झाड अगदी बोडकं झालं. घरच्यांना वाटलं, गेलं आता. मग फांद्यांवरचे डोळे फुगले.

हे जवळून पाहा. कोवळ्या पानाच्या बगलेत एक हिरवं, लवदार बोंडुक आहे. हे एक फूल नाही, फुलांचा अख्खा घोस आहे. आपण एक तुती म्हणून जी तोंडात टाकतो, तिचा प्रत्येक दाणा वेगळ्या फुलाचा असतो.

माती मात्र जपून निवडायची. माझी पहिली कुंडी मी शेतातल्या काळ्या मातीने भरली होती. पावसाळ्यात पाणी निघेना, मुळं सडली, झाड गेलं. त्याची हळहळ अजून आहे. आजींच्या ड्रममध्ये माती, शेणखत आणि भरड रेती आहे. बुडाला भोकं आहेत, खाली विटा आहेत.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की ड्रम तापतो आणि मुळं भाजतात. तेव्हा ड्रमला ओलं पोतं गुंडाळायचं, वर ग्रीन नेट बांधायची आणि दोन्ही वेळा पाणी द्यायचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, निघाला की झाड सुटलं.

आणि ही कोपऱ्यातली रांग. छाटणीच्या काड्या आजींनी फेकल्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या निवडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोवल्या. बियांपासून लावलं तर नुसतं नर झाड निघू शकतं, त्याला फळ नाही. काडीचं झाड मात्र आईवर जातं.

चौदा पिशव्या. नऊंना पालवी आहे. नातू खडूने प्रत्येकीसमोर नाव लिहितोय, कोणती कोणाच्या घरी जाणार ते.