चोरिसांची तार

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा तुम्ही पाहिल्याच असतील. दोऱ्यात ओवलेले लालभडक मणी, वर तेलाचा ओशटपणा, आणि दहा पावलांवरून येणारा माडाच्या व्हिनेगराचा वास. म्हणजे पूर्वी यायचा. आता बाटलीतलं व्हिनेगर घालतात. माडावर चढणारा रेंदेर उरलाय कुठं? असो. आज विषय लष्करी युत्यांचा आहे, पण सुरुवात चोरिसांपासूनच करावी लागणार.

1961 चा डिसेंबर. गोव्याच्या सीमेवर भारतीय फौजा जमलेल्या. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हवा होता रणगाडे फोडणारा दारूगोळा. तो उघडपणे मागणार कसा? म्हणून सांकेतिक शब्द ठरलेला होता, चोरिस. निरोप गेला, चोरिस पाठवा. आणि सांगतात असं, की लिस्बनहून विमानानं आले ते खरोखरीचे चोरिस! खायचे! अहो, गोव्याला चोरिस पाठवणं म्हणजे रत्नागिरीला हापूस धाडणं. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना नेमके इथं थांबायचे, पानाला सावकाश चुना लावायचे आणि म्हणायचे, "रणगाड्यावर फेकायचे की पावात घालायचे, शिपायानं विचारायचं कुणाला?"

आता पोर्तुगाल काही एकटा नव्हता. 1949 पासून नाटो या पाश्चात्य देशांच्या लष्करी युतीचा संस्थापक सदस्य. एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, हे नाटोचं पाचवं कलम. पण त्याच्यापुढं सहावं कलम आहे. सहावं, बरं का! त्यात हद्द आखलेली आहे, आणि अटलांटिकमधली बेटंसुद्धा कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचीच धरली आहेत. गोवा कुठं? पंधरा अंशांवर, आणि तोही अरबी समुद्राकाठी.

ब्रिटनशी तर पोर्तुगालची मैत्री 1373 च्या करारापासूनची. पण भारत राष्ट्रकुलात होता. त्याच्याशी लढायला ब्रिटन तयार झालं नाही.

मदत झाली ती एका ठरावाची. 18 डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारतानं फौजा मागे घ्याव्यात असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघांनीही बाजूनं मत दिलं. सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरून तो पाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर-जनरलनं शरणागती पत्करली.

आणि सोव्हिएत संघाशी आपला मैत्रीचा करार? तो झाला 1971 च्या ऑगस्टमध्ये.