'प' कुठं गेला?

(कोल्हापुरात ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. एक संथ भावगीत मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवायला, आलं होतं. पियानो, गिटार, व्हायोलिनचा ताफा आणि गायिका. मी एकेक ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून एकटाच ऐकत, नटवला. गिटारवर बोटं सरकलेली ऐकू यायची, पियानो तर एकटाच अख्खी मैफल मारून न्यायचा. रात्री रंकाळ्याकडं जाताना गाडीत लावलं. मित्रानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "गाणं झकास हाय, पण ती 'आऊस, आऊस' काय म्हणतीया?"

शब्द होता 'पाऊस'.

मी परत येऊन गायिकेचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर सरकवला. मग 'आऊस' मोठ्यानं ऐकू यायला लागलं!

'प' म्हणजे मिटलेले ओठ उघडताना सुटणारा एवढासा वारा. तो समेवर येत होता, आणि नेमका तिथंच पियानोवाल्यानं दोन्ही हातांनी कॉर्ड दाबला होता. हातोडी तारेवर आदळते त्या ठोक्याखाली 'प' गाडला गेला. शेवटी त्या एका मात्रेपुरता पियानो २ डेसिबलनं उतरवला, 'प' तेवढाच उचलला, आणि पाऊस पडला. याला ऑटोमेशन म्हणतात. भावगीतात माझा निम्मा वेळ यातच जातो. मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मीही लावतो, पण हलका, दोन-तीन डेसिबल दाबेल इतपतच. गायिकेचा श्वास चेपला की गाणं इस्त्री केल्यासारखं लागतं.

आता गर्दीचं बघू. पियानोच्या स्वरांचा पल्ला २७.५ हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं) ४१८६ हर्ट्झपर्यंत. म्हणजे बाकी सगळे त्याच्याच घरात भाडेकरू. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास. पियानोचा डावा हात वाजत असताना तिथं गिटारची गरज नसते. मी तिचं शंभर-सव्वाशेच्या खालचं काढून टाकतो. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये पियानो, गिटार, व्हिओला, चेलो, सगळ्यांचीच ऊब साठते आणि त्याचा चिखल होतो. माझ्या गाण्यात पियानोतून ३०० पाशी ३ डेसिबल काढले. सोलो ऐकाल तर पियानो बारीक वाटेल, वाटू दे. श्रोता सोलोचं बटण घेऊन बसलेला नसतो.

पण पियानोचा उजवा हात आणि गिटार एकाच सप्तकात सुटे सुटे स्वर वाजवत असतील तर इक्वलायझर, म्हणजे असे ठरावीक हर्ट्झ कमी-जास्त करणारं साधन, काही करू शकत नाही. मी पहिल्या कडव्यात गिटार म्यूट केली. गिटारवाला आठ दिवस बोलला नाही.

सिनेमांच्या जयप्रभा स्टुडिओचं गाव आपलं, म्हणून एक आठवण करून देतो. एका मायक्रोफोनवर अख्खं गाणं मुद्रित व्हायचं तेव्हा गायिका जवळ, व्हायोलिनवाले मागे, असंच मिक्सिंग व्हायचं. पावलं मोजून. आज तेच काम रिव्हर्बवर, म्हणजे हॉलमधल्यासारख्या कृत्रिम घुमण्यावर, करतो. व्हायोलिनना तो जास्त देतो, ते मागे सरकतात. गायिकेच्या आवाजाला द्यायचा तर ३० मिलिसेकंद उशिरा सुरू करतो. तेवढ्या वेळात ध्वनी साधारण १० मीटर जातो. भिंतीवरून परतणारा नाद उशिरा पोचतो, म्हणून शब्द आधी कोरडा कानावर पडतो आणि हॉल त्याच्या मागून येतो. या रिव्हर्बमधलाही खालचा भाग कापा, नाहीतर काढलेला चिखल मागच्या दारानं परत येईल.

शेवटी मोनोत, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका, आणि हळू ऐका. मोठ्यानं काहीही गोड लागतं. स्टिरिओत रुंद पसरलेला पियानो मोनोत कधी कधी पोकळ होतो. फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला तोच पोकळ पियानो मिळतो.

आता तेच गाणं लावतो, या एका छोट्या स्पीकरवर, आवाज अगदी कमी ठेवून. मागच्या रांगेतल्यांनी 'प' ऐकू आला तर हात वर करा. पंखे बंद करा रे कुणीतरी.