नाथांच्या घरचा रांजण

पैठणच्या जुन्या वस्तीत, गोदावरीपासून जवळच, संत एकनाथ महाराजांचा राहता वाडा आजही आहे, आणि आपण आता पाहत आहात तो त्याच वाड्यातला रांजण आहे. तुकाराम बीजेला त्यात पाणी घालायला सुरुवात होते. गावातली माणसे आणि बाहेरगावचे भाविक येऊन आपापल्या हाताने पाणी ओततात, आणि रांजण भरून वाहू लागला की देव घरी आले, असे मानून नाथषष्ठीच्या, म्हणजे नाथांच्या पुण्यतिथीच्या, उत्सवाला आरंभ होतो. याच घरी श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपाने साक्षात भगवंताने बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

ही कथा ऐकताना मन देवाच्या रूपाकडे धावते, पण क्षणभर त्या पाण्याकडेही पाहावे. एवढे मोठे रांजण रोज रिते होणारे ते घर होते. पूजा, स्वयंपाक, पाहुण्यांच्या पंगती, कीर्तनाला येणारी माणसे आणि दारी आलेला कोणीही भुकेला, या सर्वांना ते पाणी पुरत होते. नाथांचा परमार्थ याच गजबजाटात झाला.

एकनाथांचा जन्म सोळाव्या शतकातला. आईवडील लहानपणीच गेले आणि आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. गुरूच्या ओढीने ते घरातून निघाले आणि देवगिरीला जनार्दनस्वामींच्या चरणी पोहोचले. हे स्वामी किल्ल्याचा कारभार पाहणारे, म्हणजे स्वतःही संसारात आणि चाकरीत राहून साधना करणारे होते. त्यांच्याच आज्ञेने नाथ पैठणला परतले आणि गृहस्थाश्रमी झाले. ज्या काळी वैराग्य म्हणजे घर सोडणे असे समजले जाई, त्या काळी गुरूने शिष्याला घराकडे धाडावे, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटते.

त्यांच्या पत्नी गिरिजाबाई यांच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. नाथांच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाक तयार होता. त्या अन्नाचा वास रस्त्याने जाणाऱ्या, समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या एका कुटुंबातल्या मुलांपर्यंत गेला, आणि पितरांसाठी रांधलेले ते सारे अन्न नाथांच्या घरून त्यांना पोटभर वाढले गेले, अशी कथा आहे. ब्राह्मणांसाठी पुन्हा चूल पेटली, पण संतापलेले ब्राह्मण पानावर बसले नाहीत. कथा सांगणारे नाथांच्या करुणेचे वर्णन करतात आणि ते योग्यच आहे. मात्र एका दिवसात दोनदा पुरणावरणाचा स्वयंपाक रांधणारे हात गिरिजाबाईंचे होते, आणि त्यांच्या मनाची साथ नसती तर हे घर असे चाललेच नसते.

घरात मतभेदही होते. मुलगा हरिपंडित विद्वान निघाला. वडिलांनी प्राकृतात, म्हणजे मराठीत, पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला रुचेना, म्हणून तो काशीला निघून गेला. संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, असे रोखठोक विचारणाऱ्या, भागवताच्या एकादश स्कंधावर अठरा हजारांहून अधिक मराठी ओव्या रचणाऱ्या आणि इ. स. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या या पित्याने मुलाला परत आणण्यासाठी त्याच्या दोन्ही अटी मान्य केल्या. प्राकृत प्रवचन थांबले आणि परान्नही थांबले. मुलगा संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते हळूहळू पांगले.

पुढे एका गरीब विधवेला सहस्रभोजनाचा नवस फेडायचा होता आणि हजार पाने वाढण्याची तिची ऐपत नव्हती. एका ब्रह्मज्ञान्याला जेवू घातले तरी पुरे, असे कोणी सांगितल्यावरून ती नाथांकडे आली. परान्नाचा दोष नको म्हणून हरिपंडिताने तिच्या घरी स्वतः स्वयंपाक केला. जेवण झाल्यावर वडिलांची पत्रावळ उचलायला तो वाकला, तर तिच्याखाली दुसरी पत्रावळ, तिच्याखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी खाली वाकून वडिलांचे उष्टे काढणारा तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानंतर घरात पुन्हा मराठी प्रवचन सुरू झाले.

इ. स. 1599 मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्यांच्या पादुका घेऊन आषाढीला पैठणहून पंढरपूरला जाण्याची प्रथा सुरू झाली ती हरिपंडितांपासून, असे मानले जाते. वडिलांवर रुसून एकदा काशीला गेलेला मुलगा त्यांच्या पादुका घेऊन पंढरीच्या वाटेला लागला, आणि नाथांची पालखी आजही दर वर्षी त्याच वाटेने जाते.